गोळीचं ऐकणारी गाठ

हसायच्या गोष्टी माणूस वाटून टाकतो. भांडणाच्या गोष्टी चार तोंडांत फिरून झिजतात. लाजेच्या गोष्टी मात्र कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून त्या ट्रंकेच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारख्या जशाच्या तशा राहतात. आम्हा तिघींच्या अशा पुष्कळ साठल्या होत्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या लाकडी बाकावर नंबर येईपर्यंत करायचं काय, म्हणून त्या आम्ही एकमेकींना सांगायला लागलो. आता इतक्या वर्षांनी त्यांचं काही वाटत नाही असं म्हणायला सोपं आहे, पण मला अजून वाटतं.

तिघी कोण ते आधी सांगते. मी घोडेगावजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. अक्का जुन्नरच्या, त्यांच्या मालकांची पिठाची गिरणी. सिंधू तळेघरची, भात-नाचणीच्या घरची थोरली सून, आमच्यात सगळ्यात लहान. गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली. तिघींच्याही डोक्यात, मेंदूच्या खाली, पिट्युटरी नावाची हरभऱ्याएवढी ग्रंथी असते तिला गाठ झाली होती. जागा एकच, पण प्रत्येकीची गाठ वेगळा रस सोडायची. माझी सोडायची वाढीचा, त्यामुळे माझे हातपाय आणि जबडा वाढत चालला होता, आवाज जाड होत होता. अक्कांची अंगावर चरबी चढवायची. आणि सिंधूची गाठ सोडायची दुधाचा रस. तिला मूलबाळ नव्हतं.

*

सुरुवात माझ्यापासून करते, म्हणजे बाकीच्या दोघींवर अन्याय व्हायचा नाही.

नणंदेच्या लग्नात कासार घरी आला. आमच्याकडे लग्नघरी भावकीतल्या झाडून सगळ्या बायका ओसरीवर बसतात आणि हिरवा चुडा भरून घेतात. हा कासार जुना. हात हातात घेतला की माप सांगायचा, आणि माझं माप तर त्याला तोंडपाठ. न विचारताच त्यानं दोन-चारच्या बांगड्या काढल्या. त्या पेरांपाशीच अडल्या. "हात सैल सोडा बाई," तो म्हणाला. मी सोडला. मग दोन-सहा काढल्या. त्यातली एक फुटली, मग दुसरी. लग्नघरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या लागोपाठ वाढायला लागल्या तसं ओसरीवरचं बोलणं थांबलं.

साबण लावून झाला, तेल लावून झालं. दोन-दहासुद्धा चढेना. कासार घामाघूम. शेवटी त्यानं पेटीच्या तळातून कागदात बांधलेला एक जोड काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "ह्यो देवीचा हाय. नवरातीला देवळात भराया मोठं माप आणतो मी. भरू का?"

भरला. अगदी मापात बसला! माझी चुलतजाऊ उठली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पाया पडली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग न्हाणीत जाऊन दोन्ही हात पदराखाली धरून उभी राहिले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझे हात कुठेच नाहीत.

*

एकदा शाळेत साहेब तपासणीला आले. मी आत पाढे म्हणून घेत होते. साहेब व्हरांड्यातच थांबून ऐकत राहिले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजींचा आवाज खणखणीत आहे."

हेडमास्तर भला माणूस. त्यांनी साहेबांना आत न आणता थेट चहाला नेलं.

*

माझ्या दुखण्याचं नाव कसं सापडलं, त्याची गंमत वेगळीच. डोकं दुखतं म्हणून मंचरच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते डोकं सोडून माझ्या नाकाकडे, हनुवटीकडे बघत राहिले, आणि आमच्या ह्यांना म्हणाले की यांचा जुना फोटो असेल तर घेऊन या. घरात सुटा फोटो नव्हता. होता तो लग्नाचा, भिंतीवरचा, काचेच्या चौकटीतला. ह्यांनी तो खिळ्यावरून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कुणी गेलंय की काय, म्हणून कंडक्टरनं जरा जपूनच तिकिटं फाडली.

डॉक्टरांनी फोटोतल्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा फोटोकडे, पुन्हा माझ्याकडे. ह्यांना ते सहन होईना. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, दोन्ही हीच आहे. मी दुसरं लग्न केलेलं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. परतताना ह्यांनी फोटो उलटा धरला होता, आणि तो परत भिंतीवर लावायचा की नाही हे ठरायचं राहूनच गेलं.

*

बाकावर पहिल्यांदा अक्का भेटल्या. तोंड पुनवेच्या चंद्रासारखं गोल आणि लालबुंद, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काड्या. जुन्नरात सगळे म्हणायचे, गिरणीवाल्याची बायको सुखात आहे. पंगतीत वाढपी न विचारता त्यांच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकायचा. बाईला गोडाची आवड दिसतेच आहे म्हणून! अक्कांना तेव्हा साखरेचा विकारही जडला होता. पान टाकून उठायची लाज, म्हणून त्या जिलब्या पदरात बांधून घरी आणायच्या.

त्यांच्या दुखण्यात आणखी एक खोड होती. जरासा धक्का लागला की अंगावर काळंनिळं उठायचं. भाजीची पाटी टेकली की दंडावर डाग, दाराची कडी लागली की मनगटावर डाग. गावातल्या महिला मंडळानं ते बघितलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. एक दिवस सात-आठ बायका गिरणीवर चालून गेल्या.

अक्कांचे मालक म्हणजे गिरणीच्या आवाजात दहा वर्षं राहून बोलणंच विसरलेला माणूस. भुवयांपर्यंत पीठ बसलेलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी त्यांना बायकोवर हात टाकण्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं, पोलिसांचं नाव काढलं. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पट्टा थांबवला आणि म्हणाले, "मारायचं बंद करतो. पण मी ते सुरू कवा केलं, तेवढं सांगा."

अक्का हे सांगताना आम्हाला हसवायच्या. पण एकदा म्हणाल्या, त्या दिवशी खरी शरम मला कशाची वाटली माहीत आहे? त्या बायका गेल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदा विचारलं, तुला दुखतंय का म्हणून. चार वर्षं डाग दिसत होते, आणि विचारायला परक्या बायकांनी यावं लागलं.

*

सिंधूला आणलं होतं डोळ्यांसाठी. तिला समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. भाताची लावणी करताना बांधावरून चालायची आणि सरळ खाचरात उतरायची. घरचे म्हणायचे, पोरगी आंधळ्यागत करती. घोडेगावात चष्मा केला, उपयोग झाला नाही. पुण्यात कळलं की गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबतेय.

दुधाचं मात्र तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पाळी दोन वर्षं नाही, पोर नाही, आणि चोळी मात्र भिजते. गावात हे कळलं असतं तर लोकांनी काय अर्थ लावला असता ते सांगायला नको. ती चोळीच्या आत फडक्याच्या घड्या घालायची. नवऱ्याचं दुसरं लग्न करायचं बोलणं घरात सुरू झालेलं होतंच. सिंधूनं आम्हाला हे एसटीत, राजगुरुनगर आणि चाकणच्या मधे, खिडकीकडे तोंड करून सांगितलं. अक्का आणि मी ऐकत होतो आणि आपापल्या हातांकडे बघत होतो.

*

आता सुरीचा आणि गोळीचा किस्सा.

माझी आणि अक्कांची गाठ कापायची ठरली. डोकं उघडायचं नाही, नाकातून आत शिरायचं. सिंधूला मात्र मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. या मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, वयानं तरुण आणि बोलायला मऊ. त्या दिवशी सिंधूबरोबर तिचे सासरे आले होते, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्यांनी सगळं ऐकलं. मी शिक्षिका, अक्का गिरणीवाल्याची बायको, आम्हाला ऑपरेशन. आणि त्यांच्या सुनेला पुडीभर गोळ्या. म्हातारा मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"आमी डोंगरातली म्हून गोळ्यांवर भागवता व्हय? ह्या दोघींना कापताय, आमच्या सुनंलाबी कापा."

मॅडम उठल्या, त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, बाबा, या दोघींच्या गाठी गोळीला दाद देत नाहीत, म्हणून कापायच्या. तुमच्या सुनेची गाठ गोळीनंच आकसते. कापून जेवढं हाती येईल त्यापेक्षा गोळीनं जास्त येईल, डोळेसुद्धा सुधारतील. गोळीनं काम झालं नाही तर सुरी आहेच. फक्त एक, गोळी मला विचारल्याशिवाय थांबवायची नाही. थांबवली की गाठ पुन्हा वाढणार आणि डोळे जाणार.

म्हातारा खाली मान घालून बसला. म्हणाला, "म्हंजी आमची गाठ हलकी."

"हलकी न्हाय बाबा, शानी हाय," अक्का बाकावरून म्हणाल्या. "सांगितल्यालं आयकती. आमच्या दोघींच्या वांड हैत."

मॅडमसुद्धा हसल्या. पण त्या म्हाताऱ्याला आपण गरीब आहोत याची जी शरम वाटली होती ती काही गेली नाही. जाताना त्यानं गोळ्यांची पुडी मुंडाशात खोचली आणि आमच्याकडे न बघता जिना उतरला.

*

ऑपरेशनच्या आधी माझा मोठा फोटो काढायचा होता, त्या बोगद्यासारख्या मशीनमधे घालून. तिथला माणूस म्हणाला, अंगावरचं सगळं धातूचं काढा. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर सासूबाई रडायला लागल्या. मग त्यांनीच पिशवीतून पिवळा दोरा आणि हळकुंड काढलं, ते माझ्या गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र उतरवू दिलं. तयारीनं आल्या होत्या.

राहिली जोडवी. ती निघेनात. पायाची बोटं इतकी सुजली होती की जोडवी मांसात रुतलेली. मशीनवाल्यानं कुठूनसा एक मिस्त्री बोलावला, नळ दुरुस्त करणारा. त्यानं पकड काढली. मी स्टुलावर पाय ठेवून बसलेली, रांगेतले पंधरा-वीस पेशंट बघताहेत, आणि सासूबाईंनी माझ्या दोन्ही डोळ्यांवर हात ठेवलेले. जोडवं तुटताना मला बघू द्यायचं नव्हतं.

मिस्त्री काम करून उठला आणि ह्यांना म्हणाला, "साहेब, एवढा मोठा पाय मी बाईमाणसाचा बघितला नाही." तो कौतुकानं म्हणाला असावा. हे म्हणाले, "हो."

*

ऑपरेशन झालं. नाकात बोळे, आठवडाभर तोंडानं श्वास. घरी सोडताना मॅडमनी बजावलं, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची आणि हुंदके देऊन अजिबात रडायचं नाही. आत लावलेलं ठिगळ सुटलं तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागेल.

हे सांगायला सोपं. आमच्याकडे दुखणाईत माणूस घरी आलं की नात्यातल्या बायका भेटायला येतात, गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडतात. घरच्या बाईनंही रडायचं असतं. तो रिवाजच आहे, आणि त्यात माया असते. माझी मामी आली, उंबऱ्यापासूनच गळा काढत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी ताठ. डोळे वर, आढ्याकडे, तोंड उघडं. मावशी आली, तीच गत. चुलत्या आल्या. एकीच्याही खांद्यावर मी मान टाकली नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी खुणेनं सांगत होते, पण रडणाऱ्या बाईला खुणा दिसत नाहीत.

मामी परत जाताना अंगणात सासूबाईंना म्हणाली, "नोकरीवाली बाई हाय ना. आमच्यासंगं कशाला रडंल ती."

मामीला नंतर समजावून सांगितलं. तिला पटलं असं ती म्हणाली. पण त्यानंतर ती माझ्या घरी कधी रडली नाही, आणि त्याचं मला जोडव्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

*

एसटीत आमचं हे भांडण नेहमी चालायचं, की बरी कुणाची, सुरीची की गोळीची.

सिंधू म्हणायची, "तुमचं एकदा कापलं आन् मिटलं. मला ही गोळी जलमभर." मी म्हणायचे, अगं, मिटलं कुठं? माझी गाठ पुरती निघालीच नव्हती. एक तुकडा रक्तवाहिनीला चिकटलेला, तो तिथंच ठेवावा लागला, त्याला पुढे लाइटचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागला. बोटांची सूज उतरली, आवाज थोडा सुधारला, पण जबडा आणि हनुवटी आहे तशीच राहिली. हाड एकदा वाढलं की मागे जात नाही. अक्कांची गाठ सगळी निघाली, पण शरीराला त्या रसाची इतकी सवय लागलेली की ऑपरेशननंतर वर्षभर त्यांना उभं राहवेना. सुरीनं सुटका झालेल्या बाईला रोज सकाळी गोळीच खावी लागायची! तोंड मात्र उतरलं. जुन्नरात लोक गिरणीवर येऊन विचारायला लागले, वहिनींना काय काळजी लागलीय, पार वाळल्या. पंगतीतली जास्तीची जिलबी बंद झाली.

पुढे काही वर्षांनी आठवड्यातून दोनदाच घ्यायची नवी गोळी आली, तेव्हा अक्का सिंधूला म्हणाल्या, तुझ्या गाठीला आता रोजची हजेरीसुद्धा नाही. पण तेव्हाची गोळी रोजची होती, आणि घेतली की पोटात ढवळून यायचं, चक्कर यायची, उलट्या व्हायच्या. त्याचाच पुढचा किस्सा.

*

गोळ्या सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात सिंधू सकाळी गोठ्यामागे ओकताना सासूला दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सिंधू हंडा उचलायला गेली, तर सासूनं तो काढून घेतला. ताटात कैरीची फोड आली. दळणाला सासू स्वतः बसली. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं एकदम थांबलं. सासरे गावात कुणाला काही बोलले नाहीत, पण भीमाशंकराला नारळ देऊन आले.

"आगं मग सांगायचं न्हाईस व्हय, की गोळीनं व्हतंय म्हून?" अक्कांनी विचारलं.

सिंधू म्हणाली, "सांगनार व्हते. पन कुनी तरी माज्या हातातला हंडा घेतला, आक्का."

ती गप्प राहिली. तीन-चार आठवडे सगळ्या घरानं तिला जपलं. मग गोळी लागू पडली आणि दोन वर्षांच्या खंडानंतर तिची पाळी आली. इकडे मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी आनंदानं तिचा हात दाबला. तिकडे तळेघरला त्या दिवशी चूल उशिरा पेटली, सासरे घोंगडीत तोंड घालून पडले, आणि सासूनं हंडा आणून पुन्हा सिंधूच्या पुढ्यात ठेवला. औषधाचा गुण आला तो असा. आम्ही दोघींनी हे ऐकलं त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

त्याच वर्षी पावसाळ्यात सिंधूची धाकटी जाऊ घरीच बाळंत झाली. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी जावेला ताप भरला, ती बरळायला लागली. माणसांनी तिला डोलीत घालून सडकेपर्यंत नेलं, तिथून जीपनं मंचरला आणि मग पुण्याला. बाळ इतक्या पावसात टिकायचं नाही म्हणून घरीच ठेवलं. त्याच रात्री घाटात दरड आली आणि गाड्या बंद झाल्या. घोडेगावहून दुधाची पावडर आणायलाही वाट नव्हती. घरची गाय आटलेली, आणि गावात तेव्हा अंगावर पाजणारी बाईही कुणी नव्हती. सासूनं शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या वातीनं पाजून बघितलं. बाळ ते ओकून टाकायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा रडण्याचा आवाज बारीक व्हायला लागला.

सिंधूच्या गोळ्या चालू होत्या. दूध कमी झालं होतं, पण अजून पुरतं गेलं नव्हतं. ती चुलीपुढे बसली होती. डोळे सुधारत होते, पाळी सुरू झाली होती, अशीच गोळी चालू राहिली तर वर्ष-दोन वर्षांत तुलाही मूल होईल असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. हे सगळं तिला माहीत होतं. आणि तिचं दूध तिच्याखेरीज घरात कुणालाच माहीत नाही, अशीही तिची समजूत होती.

सासू बाळाला घेऊन आत आली आणि तिनं ते सिंधूच्या मांडीवर ठेवलं.

"पाज त्याला," ती म्हणाली.

सिंधू कशीबशी म्हणाली, "आत्या, मी कशी पाजू?"

"गोठ्यामागं फडकी वाळत घालतीस दोन वरसं. बाळंतिणीची फडकी मला वळखू येत न्हाईत व्हय?"

एवढं बोलून सासू बाहेर गेली आणि दारात उंबऱ्यावर पाठ करून बसली, म्हणजे कुणी आत यायला नको.

सिंधूनं त्या दिवसापासून गोळी बंद केली. बाळ ओढत राहिलं तसा आठ-दहा दिवसांत पान्हा वाढला. कमी पडेल ते सासू शेळीच्या दुधानं भरून काढायची. जाऊ महिन्यानं जिवावरच्या दुखण्यातून उठून घरी आली, पण तिचं दूध गेलेलं. मग सिंधूच पाजत राहिली. बाळानं अंग धरलं. गावात लोक काय बोलले ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. हे सगळं तिनं आम्हाला पुण्याला जाताना एसटीत सांगितलं. मधेच थांबून म्हणाली, "बाई, मला लई शरम वाटली. दूध पाजायची न्हाई. आत्याला इतकी वरसं ठावं व्हतं, त्याची."

त्या दिवशी मॅडमनी तिचे रिपोर्ट बघितले. रस पुन्हा चढलेला. डोळ्यांची तपासणी केली तर कडेचं दिसणं पहिल्यापेक्षाही कमी झालेलं. मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा सिंधूनं खाली बघत सगळं सांगितलं. अक्का आणि मी मागे भिंतीला टेकून उभ्या होतो.

मॅडमचा आवाज आम्ही पहिल्यांदाच चढलेला ऐकला. म्हणाल्या, मी काय सांगितलं होतं? विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. कुणाच्या तरी हाती निरोप पाठवायचा होतास, काहीतरी दुसरी वाट काढली असती. आता या गाठीला कापावं लागलं तर? आणि कापूनही नजर परत आली नाही तर? तुझे डोळे आहेत हे, कळतं का तुला?

सिंधूनं मान वर केली.

"व्हय मॅडम. डोळं माझं व्हतं. प्वार जावंचं व्हतं."